आत कोण हाय का?

मराठी माणूस दर वेळी घसा बसला म्हणूनच खोकतो असं नाही. बऱ्याच वेळा तो कडी नाही म्हणून खोकतो.

सार्वजनिक संडासात हा खोकला म्हणजे एक शास्त्र आहे. बाहेर चपलांचा आवाज आला की आतल्यानं बारीक खाकरायचं. चपला दारासमोर थांबल्या की दणदणीत खोकायचं. आणि दार हललंच, तर घशाचं काम संपलं, मग "हाय, हाय! आत हाय!" असं तोंडानं सांगावं लागतं. बाहेरचाही शिष्टाचारात कमी नसतो. दाराला हात लावण्याआधी तो स्वतः खोकतो. आतून उत्तर आलं की शेजारच्या दाराशी जाऊन तिथं खोकतो. २०२० साली करोना आला आणि खोकायची चोरी झाली, तेव्हा बिनकडीवाल्यांचे हाल होतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. आतून एक खोकला आला की बाहेरची रांगच पांगायची. बिनकडीच्या दाराला इतका एकांत त्याआधी कधी लाभला नव्हता, नंतरही लाभला नाही.

ज्याला खोकणं जमत नाही तो पाय वापरतो. भारतीय भांड्यावर बसून डावा पाय लांब करायचा, टाचेनं दार दाबून धरायचं, सगळा तोल उजव्या पायावर घ्यायचा आणि एका हातानं नळाची तोटी पकडायची. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी खरी, पण हा पवित्रा गंगावेश तालमीतल्या वस्तादांनीही कुणाला शिकवला नसेल. बुटक्या माणसाचा पाय पोचत नाही, म्हणून तो भरलेली बादली दाराला टेकवून ठेवतो. अडचण एवढीच की शेवटी तेच पाणी लागतं, आणि बादली रिकामी होईल तसा बंदोबस्त सैल होत जातो. तिसरा प्रकार सुतळीचा. जिथं पूर्वी कधीतरी कडी होती तिथल्या भोकातून कुणीतरी परोपकारी माणसानं सुतळी ओवून ठेवलेली असते. तिचं टोक आतल्यानं मुठीत धरून बसायचं. सुतळीचं दुसरं टोक बाहेर लोंबत असतं आणि ते कशासाठी आहे हे बाहेरच्या पोराला ठाऊक नसतं. ते ओढून बघतं.

बायकांचं निराळं. त्या जोडीनं जातात आणि पुरुष त्यावर वर्षानुवर्षं विनोद करत आले आहेत. "दोघी मिळून काय करता?" असं विचारणाऱ्यानं एकदा बाजारातल्या संडासाबाहेर उभं राहून बघावं. दुसरी बाई म्हणजे कडी. ती दाराला पाठ लावून, दोघींच्या पर्सा काखेत धरून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं रागानं बघत उभी असते. जिला अशी कडी सोबत मिळत नाही ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मुंबईत २०११ साली स्वयंसेवी संस्थांनी 'राइट टू पी' नावाची चळवळ सुरू केली ती काही हौस म्हणून नव्हे. पण त्या दारापाशी विनोद थांबतो, म्हणून मीही तिथून पुढं सरकतो.

आता हे कुठल्या आडगावात होत असतं तर समजू शकलो असतो. पण कोल्हापूर! बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्यावर चित्रपट काढले. परदेशातून यंत्र आणायची सोय नाही म्हणून इथं कुणी रडत बसलं नाही. उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मशिनवर माणसं मायक्रॉनच्या हिशेबात बोलतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून निघालेलं कास्टिंग देशभरच्या ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये फिरतं. माणसाला आत कोंडून ठेवायची कलाही या शहराला अवगत आहे. कळंब्याला मध्यवर्ती कारागृह आहे आणि बिंदू चौकात सबजेल. तिथल्या कड्या निसटल्याची तक्रार सहसा ऐकू येत नाही. म्हणजे कडी बाहेरून लावायची असेल तर आपण दणकट लावतो. ती आतून लावायची वेळ आली की मात्र सुतळी.

या विषयात मी शिरलो तो आमच्या पेठेतल्या तालीम मंडळामुळं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: कोल्हापूरच्या तालीम मंडळात तालीम असतेच असं नाही, पण गणपती असतो, फुटबॉलची टीम असते, टीमवरून झालेली भांडणं असतात आणि एक फळा असतो. एका वर्षी गणपतीचा हिशेब झाल्यावर वर्गणी शिल्लक राहिली. असं पूर्वी कधी घडलेलं नसल्यामुळं मंडळ गोंधळून गेलं. शेवटी पेठेच्या कोपऱ्यावरच्या चार दारांच्या सार्वजनिक संडासाची दुरुस्ती करायचं ठरलं. भाजीवाल्या बायका, रिक्षावाले आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे यांचा सगळा भार त्या चार दारांवर. रंग, फरशी, नळ यांची कामं पटापट वाटली गेली. कडीचं काम कुणी घेईना. तेव्हा आमचे अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही वाचता-लिहिता. कडीचा अभ्यास तुम्ही करा."

अभ्यास म्हटल्यावर मी तो मुळापासून केला. लंडनच्या १८५१ सालच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या गृहस्थांनी सार्वजनिक शौचालयं बांधली होती आणि ८,२७,२८० लोकांनी पैसे मोजून ती वापरली. दर एक पेनी. पुढं कुलपातच पेनी टाकल्याशिवाय दार उघडणार नाही अशी करामत निघाली. ती जॉन नेव्हिल मॅस्कलिन या माणसानं केली असं सांगतात, आणि हा मॅस्कलिन पेशानं जादूगार होता. मला यात नवल वाटलं नाही. आत गेलेला माणूस हवा तेव्हा बाहेर येणं आणि बाहेरचा माणूस नको तेव्हा आत न येणं, हे जमवायला जादूगारच लागतो.

पैशाच्या कुलपांचा अमेरिकेत इतका जाच झाला की १९६९ साली कॅलिफोर्नियाच्या आमदार मार्च फाँग यू यांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर संडासाचं चिनी मातीचं भांडं ठेवलं, साखळदंडानं बांधलं आणि सर्वांदेखत घणानं फोडलं. मुद्दा असा की पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना मात्र दर खेपेला नाणं टाकावं लागतं. ही बाई कोल्हापुरात शोभली असती.

जपान्यांची तऱ्हा याहून निराळी. तोक्योच्या शिबुया भागात शिगेरू बान या वास्तुरचनाकारानं २०२० साली चक्क रंगीत पारदर्शक काचेचे संडास उभे केले. आत शिरण्याआधी जागा स्वच्छ आहे का आणि कुणी लपून बसलंय का ते बाहेरूनच दिसावं, हा हेतू. आत जाऊन कडी लावली की काच धुरकट होते. मी बैठकीत हे सांगितलं तेव्हा बराच वेळ शांतता होती. मग खजिनदारांनी विचारलं, "आणि लाइट गेली तर?" मी म्हटलं, अशा काचेत वीज खेळते तोवर ती पारदर्शक असते; वीज तुटली की धुरकट. "म्हंजे लाइट गेली की अब्रू राहणार, आली की जाणार," असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तोक्योचा विषय एकमतानं दप्तरी दाखल झाला.

अभ्यासातून एक गोष्ट कळली, ती मात्र कामाची होती. कडी बिचारी विनाकारण बदनाम आहे. दार नवीन असताना कडीचा दांडा समोरच्या भोकात बरोबर शिरतो. दोन-चार महिन्यांत दार स्वतःच्या वजनानं नाकाकडून खाली येतं. फार नाही, पाच-सहा एमएम. मग दांडा भोकाच्या खाली टेकतो. माणूस दार उचलून धरतो आणि कडी सरकवतो. त्याच्या पुढचा कडीवर बुक्की मारतो. त्याच्या पुढचा लाथ. चौथ्याच्या हातात कडीची मूठ येते, आणि संडास सांभाळणाऱ्या मावशी म्हणतात, "कडी मोडली." गुन्हा बिजागरीचा आणि फाशी कडीला.

आपल्या सरकारनंही हे सगळं ओळखून ठेवलं आहे. भारतीय मानकांत टॉवर बोल्टला, म्हणजे आपल्या खिटीला, आयएस २०४ आणि पोलादी बिजागरीला आयएस १३४१ असा क्रमांक आहे. कुणीतरी दिल्लीत समिती नेमून, चहा पिऊन, खिटीची जाडी ठरवली आहे हे वाचून मला गहिवरून आलं. युरोपात तर बिजागरीची रीतसर परीक्षा होते. यंत्रावर दार लावून ते उघडत-मिटत राहायचं, आणि वरच्या श्रेणीत पास व्हायला बिजागरीनं २ लाख फेऱ्या काढायच्या. आकडा ऐकून मंडळाची पोरं खूश झाली. मी हिशेब मांडला. बाजाराच्या जागी एका दारामागं दिवसाला ३०० माणसं धरू. प्रत्येक जण आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा दार उघडून मिटणार. म्हणजे ६०० फेऱ्या. २ लाखांना ६०० नं भागलं की ३३३ दिवस. युरोपातली पहिल्या नंबरात पास झालेली बिजागरीसुद्धा आमच्या पेठेत अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणार.

मग खरेदी. लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी कडी मागितली. काउंटरवरच्या माणसानं डोकं वर न करता विचारलं, "घरला पायजे का कामावर द्यायचीय?"

या एका प्रश्नात सार्वजनिक बांधकामाचं सगळं मर्म आलं. दुकानात कड्यांचे दोन खण असतात. वरचा खण स्वतःच्या घरासाठी. खालचा खण 'कामावर' देण्यासाठी, म्हणजे जिथं कडी निवडणारा, बिल पास करणारा आणि बसवणारा यांच्यापैकी कुणीही त्या दाराआड कधीच बसणार नसतो. खालच्या खणातली ॲल्युमिनियमची चार इंची खिटी हातात घेतली तर वजन जाणवत नाही. दोन बोटांनी दाबली तर ती विनम्रपणे वाकते. मी म्हटलं, "सार्वजनिक संडासाला लावायचीय, पण घरची दाखवा." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "सायेब, तुम्ही कॉन्ट्रॅक्टर न्हाई वाटतं."

त्यानं मग एकेक नमुना मांडायला सुरुवात केली. आल्ड्रॉप म्हणजे आडव्या दांड्याची, बाहेरून कुलूप घालता येणारी मोठी कडी. दणकट, पण ती आतून लावली तरी रिकाम्या वेळी पोरं तिच्याशी इतकी खेळतात की दांडा गुळगुळीत होतो. पितळी खिटी देखणी. दुकानाच्या शेठनीच बजावलं, "पितळ नको. पितळेचा भंगारात भाव बघा. रात्री लावली की सकाळी नसंल." इथं मला निवडीचं पहिलं सूत्र सापडलं: कडी टिकाऊ हवी, पण विकाऊ नको. जड असावी आणि तरी भंगारवाल्यानं तिच्याकडं ढुंकून बघू नये.

शेवटी त्यांनी काचेच्या कपाटातून एक खोका काढला. आत चकचकीत गोल कुलूप. आतून मूठ फिरवली की बाहेरच्या खिडकीत हिरव्याचा लाल होतो. बाहेरच्या बाजूला मधोमध एक खाच. "आत कोण चक्कर येऊन पडलं, म्हातारं माणूस अडकलं, तर नाणं घालून फिरवायचं. उघडतंय." आत कुणी आहे हे बाहेर दाखवणाऱ्या कडीची कल्पनाही इंग्रजांचीच, एकोणिसाव्या शतकातली. अध्यक्षांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, "सर, हेच घ्या. लई भारी दिसतंय. एअरपोर्टला असतंय असं." मी सांगून बघितलं की वरून क्रोमचा मुलामा आहे आणि आत जस्ताचा ओतीव मिश्रधातू, एकदा का आतली दांडी तुटली की रंग आहे तिथंच अडकतो. लालवर अडकला तर लोक रिकाम्या खोलीपुढं रांग लावून उभे राहतात, आणि हिरव्यावर अडकला तर पुन्हा खोकला आलाच. अध्यक्ष म्हणाले, "निदान एका दाराला तरी. उद्घाटनाला पाहुणे येणार हायती." एक घेतलं.

उरलेल्या तीन दारांसाठी मी फाउंड्रीत उभं आयुष्य काढलेल्या एका मित्राला गाठलं. माझ्या खिशात लोहचुंबक होतं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अस्सल स्टेनलेस, हा आपला घरगुती कायदा. तो म्हणाला, "चुंबक ठेव घरात, पोरांना खेळायला. २०२ लाही चिकटत नाही आणि ३०४ लाही चिकटत नाही. तुला दोन्हीतलं काय दिलंय, ते फक्त दुकानदार आणि देव जाणे." ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीजवर भागवलेलं असतं. दिसायला दोघंही सख्खे भाऊ. मी म्हटलं, मग ३०४ घेऊ. तो म्हणाला, "साफ कशानं करता?"

साफ करतात ते ॲसिडनं. बाटलीतलं पिवळट हायड्रोक्लोरिक ॲसिड फरशीवर ओतलं की त्याची वाफ वर कडीपर्यंत चढते. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा जो पापुद्रा असतो, आणि ज्याच्या जिवावर ते न गंजता मिरवतं, तो नेमका क्लोराइडनं फुटतो. मग टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडत जातात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं, ते जरा जास्त तग धरतं. पण अशा ॲसिडपुढं तेही हात टेकतं. "मग उपाय?" मी विचारलं. "मावशींना सांग, ॲसिड टाकून झालं की दाराकडीवर दोन तांबे साधं पाणी मारायचं. त्याच्यापेक्षा भारी ग्रेड टाटाकडं पण नाही."

त्यानंच मला उद्यमनगरात एका मिस्त्रीकडं पाठवलं. मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं. तोक्यो, लंडन, २ लाख फेऱ्या. मग खडू घेऊन शेडच्या फरशीवर दोन रेघा मारल्या. बारा एमएमची सळी. एका टोकाला काटकोनात वाकवून मूठ. जाड पाइपच्या दोन तुकड्यांतून ती सरकणार. ना स्प्रिंग, ना मुलामा, ना मोडायला नाजूक असा एकही भाग. "आणि ह्ये बघा," असं म्हणून त्यांनी चौकटीतल्या भोकाच्या जागी गोलाऐवजी उभट खाच काढली, अंगठ्याएवढी लांब. "दार खाली येणारच. आपण म्हटलं म्हणून थांबतंय व्हय? खाली आलं तरी सळीला जागा पायजे." जगातल्या मानकांनी जो प्रश्न लाखांच्या फेऱ्या मोजून सोडवायला घेतला होता, तो यांनी दार झुकणार हे मान्य करून अर्ध्या मिनिटात सोडवला. वर एक फट ठेवली, बाहेरून पट्टी घालून सळी मागं ढकलता यावी म्हणून. कुणी आत पडलं तर दार तोडायला नको. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा असंही सांगितलं, कारण पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला स्वतःच अडसर होतो.

भावाचं विचारलं तर म्हणाले, "लोखंड वजनावर घ्या. डोकं फुकट."

वस्तू चांगली मिळाली म्हणजे काम चांगलं झालं असं समजू नये. अजून ती बसवणारा यायचा असतो. आपल्याकडं स्क्रू पिळून बसवायचा असतो ही गोष्ट पुस्तकातच राहिली आहे. दार बसवायला आलेल्या कारागिरानं तोंडात चार स्क्रू धरले, एक दारावर टेकवला आणि हातोडीनं खाडकन पाऊण आत घातला. उरलेला पाव भाग स्क्रूड्रायव्हरनं दोन वेढे फिरवून सजवला. बघणाऱ्याला वाटावं की अख्खा पिळूनच बसवलाय. त्या स्क्रूला आत आटेच धरलेले नसतात. तो फक्त भोकात उभा असतो, पगार चालू आणि काम बंद. फायबरच्या पोकळ दारात तर त्याला धरायलाही काही नसतं. मी हातोडी काढून घेतली आणि आरपार बोल्ट टाकायला लावले: बाहेरून गुळगुळीत गोल डोकं, आतून नट आणि नटावर वेल्डिंगचा एक ठिपका. कारागीर चार दारं होईस्तोवर माझ्याशी बोलला नाही.

यात पिशवी अडकवायच्या हुकाचं राहिलं. पुरुषांनी काढलेल्या यादीत हूक नव्हताच. त्याची आठवण मावशींनी करून दिली. "सर, देवळातनं येणाऱ्या बायका ओटीचं ताट, खण-नारळ, प्रसादाची पिशवी घेऊन येत्यात. ते काय फरशीवर ठेवायचं?" खरंच की. अंबाबाईच्या प्रसादाची पिशवी दातात धरून बसलेली भाविक स्त्री डोळ्यांपुढं आली आणि मला फार अपराधी वाटलं. दाराच्या वरच्या बाजूला हूक लावला तर बाहेरून हात घालून पर्स उचलतात, शिवाय लोंबणाऱ्या वजनानं दारही झुकतं. शेवटी मावशींनीच सुचवलं तसं बाजूच्या भिंतीत छातीच्या उंचीवर कडप्प्याची फळी बसवली. तिला मोडायला काही नाही, चोरायला काही नाही. अख्ख्या प्रकल्पात निर्दोष म्हणावी अशी ही एकच वस्तू, आणि ती माझ्या अभ्यासात कुठंही नव्हती.

मग चाचणी. मानकात कडीनं किती न्यूटन जोर सोसावा याचा आकडा असेलही. आमच्याकडं पैलवान होता. मंडळाच्या एका पैलवानाला बोलावलं, मी आतून सळी लावली आणि त्याला म्हटलं, ओढ. त्यानं आधी दाराला नमस्कार केला, मग दंड घातला. सळी जागची हलली नाही. बोल्ट हलले नाहीत. बिजागऱ्या हलल्या नाहीत. सगळी चौकट मात्र भिंतीच्या गिलाव्यासकट बाहेर आली आणि मी, कडी लावलेला, सुरक्षित, पण चौकात, असा सर्वांना दिसलो. पूर्वीच्या कुणीतरी चौकट नुसती वाळू-सिमेंटात चिकटवून ठेवली होती. मग चौकट भिंतीत धरून ठेवणारे होल्डफास्ट घालून, काँक्रीट भरून चारही चौकटी पक्क्या केल्या. कडी दणकट करत गेलं की कच्चेपणा एकेक घर मागं सरकतो: कडीतून स्क्रूत, स्क्रूतून दारात, दारातून चौकटीत, चौकटीतून भिंतीत. भिंतीच्या मागं मंडळ आहे. तिथं मी शोध थांबवला.

उद्घाटनाच्या दिवशी झेंडूची तोरणं होती, हलगी होती, आणि दारांपेक्षा मोठा फ्लेक्स होता. त्यावर सगळ्यांचे फोटो होते, उद्यमनगरच्या मिस्त्रींचा नव्हता. मावशींच्या टेबलावर नवा क्यूआर कोड ठेवला होता, कारण सुट्ट्या पैशांवरून रोज वाद नको असं खजिनदारांचं म्हणणं. सन्माननीय पाहुण्यांनी फीत कापली. अध्यक्षांनी त्यांना थेट एअरपोर्टवाल्या दाराशी नेलं आणि विनंती केली की आत जाऊन आपल्या हस्ते कडी लावावी, म्हणजे बाहेर लाल रंग कसा येतो ते फोटोत घेता येईल. पाहुणे आत गेले. हिरव्याचा लाल झाला. टाळ्या पडल्या. हलगी वाजली.

पाहुणे बाहेर येईनात.

आतून आधी एक बारीक खाकरा आला. मग मोठा खोकला. मग आवाज: "अहो, मूठ हातात आली!"

मूठ दांडीला धरून ठेवणारा दाण्याएवढा एक स्क्रू असतो. तो कारखान्यातच सैल राहिला होता. मी पुढं होऊन सांगितलं, घाबरायचं कारण नाही, बाहेरून खाच आहे, नाणं घालून फिरवलं की झालं. "नाणं द्या कुणीतरी." अध्यक्षांनी खिसे चाचपले. खजिनदारांनी पाकीट उघडलं. आत तीन कार्डं आणि देवीचा फोटो. फोटोग्राफरकडं नाही, हलगीवाल्याकडं नाही. चौकातल्या तीस-चाळीस माणसांत एक रुपया निघेना. सगळ्यांचे पैसे मोबाइलात. एका कार्यकर्त्यानं क्यूआर कोडची पाटी खाचेत घालून बघितली. पैलवान बाह्या सरसावून पुढं आला, त्याला चौघांनी धरलं. चौकट आता काँक्रीटमध्ये होती आणि यावेळी भिंत आली असती.

शेवटी मावशी उठल्या. त्यांनी कमरेची चंची सोडली, सुपारीच्या खांडांतून एक जुनं आठ आण्याचं नाणं काढलं, खाचेत घातलं आणि डावीकडं फिरवलं. लालचा हिरवा झाला. पाहुणे घामाघूम होऊन, हातात क्रोमची मूठ घेऊन बाहेर आले. हलगीवाल्याला वाटलं हीच वेळ, त्यानं पुन्हा सुरू केलं.

मावशींनी नाणं पुसून चंचीत ठेवलं आणि पाहुण्यांपुढं हात केला.

"पाच रुपये."